अल्लाबक्षच्या कात्रीचं तेल

माधवनगरच्या बाजारात अल्लाबक्ष शिंप्याची कात्री ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. मलमल असो की धोतरजोडी, कापडाला डाग म्हणून लागायचा नाही. आपल्या कात्रीला तेलच लागत नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा आणि नेमका तिथंच गडी थाप मारायचा.

तेल कुठल्या कात्रीला लागत नाही? पण लढाईच्या दिवसांत मशीनचं तेल मिळेना, आणि मिळालंच तर लोखंडाची काळी घाण घेऊन ते कापडावर उतरायचं. करडईचं तेल चार दिवसांत डिंकासारखं चिकट व्हायचं. खोबरेल थंडीत गोठायचं आणि उन्हात पसरायचं. अल्लाबक्षच्या उस्तादानं त्याला वेगळीच वाट दाखवली होती. मिटलेली कात्री कानामागच्या केसांतून एकदा ओढायची. लोखंडाला हवी तेवढीच चिकणाई पात्याला लागते, कापडासाठी काही उरत नाही.

उपाय नामी होता, पण अल्लाबक्षला चाळिशीतच पार कानामागंपर्यंत टक्कल पडलं. मग त्यानं गिऱ्हाइकांची डोकी धरली. गळ्याचं माप घ्यायला तो मागं उभा राहायचा आणि गप्पांच्या भरात कात्री कानामागून अलगद फिरवायचा. कुणाला पत्ता लागत नसे. बायकोवर, अख्तरबीवरही त्यानं हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा तिनं लाटणं उचललं. शिवाय तिच्या डोक्यात खोबरेल इतकं, की भजी तळून निघाली असती.

लढाई संपली आणि हंबीरराव जमादार ब्रह्मदेशातून परतले. येताना त्यांनी पॅराशूटचं पांढरंशुभ्र रेशमी कापड आणलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आता तासगावच्या शालूबाईशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरला होता. ती तरुणपणी विधवा झालेली, शहाणी बाई. जमादारांनी आपलं वय चाळीस सांगितलं होतं. पन्नाशी त्यांनी लढाईवर जाण्याआधीच ओलांडली होती, पण मिशा काळ्याभोर असल्यावर विचारतो कोण?

पाटाच्या कोटासाठी ते दुकानात आले, तेव्हा शालूबाईचा भाऊ नाथाजी सोबत होता. कोट चांगला झाला तर घरातलं सगळं शिवण इथंच देईन, असं तो म्हणाला. अल्लाबक्ष खूश झाला, पण धास्तावलाही. असलं कापड पुन्हा बाजारात मिळणार नव्हतं, आणि ते इतकं गुळगुळीत की कात्री जरा अडली तरी सुरकुती पडून वाकडं कापलं जाणार.

गळ्याचं माप फेटा काढूनच घ्यावं लागतं, असं त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. जमादार कुरकुरले, पण नाथाजीसमोर नाही कसं म्हणणार? फेटा उतरला. दाट काळे केस बघून अल्लाबक्षला हर्ष झाला. त्यानं कानामागून कात्री मनसोक्त ओढली आणि कापड फळीवर अंथरून चालवायला घेतली.

पहिल्याच फटक्यात पांढऱ्या कापडावर काळी रेघ उठली.

जमादार कडाडले, कापड नासलं म्हणाले. कसलं घाण तेल लावतोस, असं नाथाजीनं विचारलं. अल्लाबक्षनं रेघेवर बोट फिरवून वास घेतला. काजळी आणि हिरडा, केसांचा कलप! त्यानं मान वर केली. जमादारांच्या कानामागं पांढऱ्या केसांचा पट्टा उघडा पडला होता. त्याची नजर कुठं गेली हे जमादारांना कळलं, आणि त्यांचा हात झटकन कानामागं गेला.

एका शब्दात अल्लाबक्षची अब्रू वाचली असती, पण त्याच शब्दानं पाट मोडला असता. त्याला मनस्वी राग आला, आणि त्या म्हाताऱ्या नवरदेवाची कीवही आली.

"चुकी माजी हाय," तो म्हणाला. "कात्रीचं त्याल लागलं."

डागावर खिसा बसवून कोट पुरा झाला, पाटही लागला. अल्लाबक्ष मात्र शरमेनं तिकडं फिरकला नाही. नाथाजीनं गोष्ट चारचौघांत सांगितली, आणि पांढरं कापड घेऊन येणारी गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडं वळली. अल्लाबक्ष दिवसभर गाद्यांच्या खोळी नाहीतर पोत्यांची तोंडं शिवत बसायचा आणि अख्तरबीची बोलणी खायचा.

मग एका बाजारच्या दिवशी शालूबाई दुकानात आली. मागून जमादार, पकडून आणलेल्या कैद्यासारखे. तिच्या काखेत पांढऱ्या मांजरपाटाचा तागा होता. बाजारातली माणसं बघायला थांबली, तशी तिनं आवाज मुद्दाम चढवला.

"चाचा, डाग तुमच्या कात्रीचा न्हवता. पयल्याच सकाळी उशीवर त्योच डाग मी बगितला. ह्यांचं डोस्कं शिकेकाईनं लख्ख धुतलंय. आता वडा कात्री, पांढऱ्यावर बी चालंल."

कात्रीचं गुपित तिला कसं कळलं, हे विचारायची अल्लाबक्षला गरज पडली नाही. आतल्या पडद्यामागं अख्तरबी तोंडाला पदर लावून हसत होती.

जमादारांनी फेटा काढला. कापसासारखं पांढरं डोकं भर बाजारात खाली झुकलं. अल्लाबक्षनं कानामागून कात्री दोनदा ओढली. दुसऱ्यांदा जरा जोरात ओढली, आणि ते काही कात्रीसाठी नव्हतं.