दोनशे बैठका आणि एक गुडघा

सिद्रामप्पा वस्ताद गेल्याची बातमी मला नरसय्यानं दिली, तीही आमच्या कचेरीचे दोन जिने चढून. मी तेव्हा फाईल तपासत होतो, म्हणजे फाईलवर डोकं ठेवून झोपलो होतो. "सायेब, वस्ताद गेले की..." एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकला. नरसय्या दोन जिने चढू शकतो, हे वस्तादांचं कर्तृत्व. मधे तीन महिने त्याला एक पायरीही चढता येत नव्हती, ते माझं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या तालमीत नवा माणूस आला की वस्ताद त्याला आधी नुसतं चालायला लावत. मग बसवून विचारत : काम काय करतोस, दिवसभर उभा असतोस का बसून, जेवतोस कधी, दुखतंय कुटं? त्यावरून त्याचा व्यायाम ठरे. भट्टीवाल्याला वेगळा, शिक्षकाला वेगळा. जुळे भाऊ आले तरी दोघांना वेगळा. मी पडलो कारकून. सगळ्यांना एकच नमुना भरून घेता येत नाही म्हणजे कारभार ढिसाळ, अशी माझी पक्की समजूत होती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचा उन्हाळा. बहीण आजारी म्हणून वस्ताद पंधरा दिवस अक्कलकोटला गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : प्रत्येकी शंभर जोर, दोनशे बैठका. खाली लफ्फेदार सही. मला स्वतःला साठ बैठकांत अंधारी येई, म्हणून मी मोजणीचं काम घेतलं. मोजणाऱ्याला दम लागत नाही.

नरसय्या हातमागावर विणणारा. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पायांनी पावड्या दाबायच्या. तो पाठ दुखते म्हणून यायचा आणि वस्तादांनी त्याला बैठका मुळीच दिल्या नव्हत्या. "लई लाड झाले," मी म्हणालो. भिडस्त माणूस, त्यानं दोनशे मारल्या. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा. माग बंद. त्याची बायको, लक्ष्मक्का, माझ्या दारात आली. भांडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "पाय गेला तर मागावर कोन बसनार, तुमी?"

वस्ताद परतले ते थेट फळ्यासमोर.

"सही कुनाची?"

"माझी."

"मग आता नरसय्या जे करंल ते तूबी करायचं. त्याच्यासंगट. एकबी जास्त न्हाय."

आधी त्यांनी त्याला डॉक्टरांकडे धाडलं. हाड शाबूत आहे, सूज उतरल्यावर हळूहळू चालवा, असं कळल्यावरच सुरुवात केली. पहिले आठ दिवस आम्ही दोघं उताणे पडून नुसती मांडी आवळत होतो आणि सोडत होतो. वस्ताद वरून कानडीत बजावत, "निधान... निधान..." म्हणजे हळू. कचेरीत मी पैलवानी करतो अशी बतावणी केली होती; तिथला शिपाई एकदा डोकावला आणि माझी अब्रू खलास झाली. मग विटांची उंच चवड रचली. तिच्यावर टेकायचं, उठायचं, दहा वेळा. आठवड्याला एक वीट कमी. सकाळी सूज दिसली तर वीट परत. एकदा कंटाळून मी गुपचूप एक वीट काढली. वस्तादांनी चवड पाहिलीच नाही, नरसय्याचा चेहरा पाहिला आणि मला म्हणाले, "ठेव माघारी."

तिसऱ्यांदा वीट परत आली तेव्हा नरसय्या रडकुंडीला आला. "सोडा वस्ताद. माग इकून टाकतो."

"वीट माघारी ठिवायची लाज कसली रे? आळस आला तर उठायचं, दुखलं तर थांबायचं. ह्यातला फरक तुजा तू वळख. बाकीचं मी बगतो. बस."

तो बसला. मीही बसलो.

चौथ्या महिन्यात नरसय्या खड्ड्यात उतरला. माग खटखटू लागला. वस्ताद उंबऱ्यात घड्याळ धरून उभे. पाव तास झाला तसे म्हणाले, "बास. ऊठ." नरसय्या हातापाया पडू लागला, अजून थोडं! "उद्या," वस्ताद म्हणाले. लक्ष्मक्कानं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत, ते मला नीट दिसलं नाही; माझेच डोळे...

परवा नरसय्या आणि मी तालमीमागची वस्तादांची खोली आवरली. चुना मारायला माणूस बोलावला होता. खाट सरकवली तर मागं भिंतीवर खडूच्या ओळी. वस्तादांच्या स्वतःच्या बैठका, रोजच्या. आम्ही समजत होतो, म्हातारा अजून शेकड्यांनी मारतो. त्यांना विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पन्नास, मग चाळीस, पंचवीस, बारा. पुढे बैठका नाहीतच, नुसतं खाटेवरून उठणं. नऊ. सात. पाच. झालेल्या प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण.

चुनेवाल्याला म्हटलं, तीन भिंती कर, ही नाही. तो हुज्जत घालू लागला तसा मी बादलीसमोर आडवा उभा राहिलो, नरसय्याही राहिला. शेवटच्या ओळीत, ते गेले त्या दिवसासाठी, वस्तादांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं आहे : चार. पुढे खूण नाही.