हसुभाईंनी उतरवलेली पट्टी

हसुभाई भेटले की ‘कशा आहात’ असं विचारत नसत. “जरा आ करा,” म्हणत. तो आ ऐकून गिटारच्या दोन तारा छेडत आणि आज तुमची पट्टी कोणती ते सांगून टाकत. घोलवडला चिकूच्या वाडीतल्या त्यांच्या ओट्यावर आमचं गाण्याचं मंडळ जमायचं. त्यांचं बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि मस्करी मात्र पूर्ण.

सगळी गाणी त्यांच्या फोनवर टाईप केलेली असत, शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे गिटारवर कुठले सूर एकत्र धरायचे त्याची, इंग्रजी अक्षरं. कोणाचा आवाज वर पोचत नसला की ते एकूण एक कॉर्ड बदलून गाणं खाली आणत. “गळ्याला कशाला त्रास द्यायचा, बेन? सदरा घट्ट झाला तर सदरा उसवायचा. माणसाला नाय उसवायचं.”

माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला. पुन्हा गाता येईल की नाही, या धास्तीने मी कित्येक महिने घरातसुद्धा गुणगुणले नाही. डहाणूच्या कार्यक्रमात हसुभाईंनी मला हट्टाने उभं केलं. गाणं मंडळातल्याच एकीने नुकतंच रचलेलं, त्यांच्या हाताला अजून न बसलेलं. त्या सकाळी माझा आ ऐकून त्यांनी घाईघाईत त्याची पट्टी उतरवली.

दुसऱ्याच ओळीला गिटार एकीकडे आणि मी भलतीकडे. मी थांबले. संपलं, एवढंच मनात आलं, आणि भर सभेत डोळे भरले.

हसुभाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग माईक ओढला. “सुषमाबेन बरोबर गातात. गलती माझी आहे. फोनमध्ये मी आधी एका झटक्यात सगळ्या ‘ए’च्या जागी ‘जी’ टाकला, मग सगळ्या ‘जी’च्या जागी ‘एफ’. ते नवे ‘जी’ पण ‘एफ’ होऊन गेले. आता फोन बंद. बेन गातील तसा मी मागून येतो.”

लोक हसले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी गाणं पुरं केलं. आवाज जाडा होता, पण माझा होता.

हसुभाईंना जाऊन आता वर्ष होईल. मंडळ चालू आहे, मी दर आठवड्याला गाते. राहून राहून वाटतं, त्या दिवशी ते गप्प बसले असते तरी खपून गेलं असतं. ऑपरेशन झालेल्या बाईचा गळा गेला, असंच सगळे म्हणाले असते. सर्वांत आधी मी म्हटलं असतं, आणि पुन्हा कधी गायले नसते.