रविवारची लिफ्ट

रायपुरात कोणी मराठीत बोललं की आमच्या आईची अक्कल गहाण पडते. तिचीच काय, माझीही पडली, नाहीतर हे रडगाणं गायची वेळ माझ्यावर आली नसती.

तात्यापाऱ्यातलं भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं तेव्हा आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. माझी नोकरी नवा रायपुरात, आणि आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिची मागणी एकच होती, रोज सकाळी खाली उतरून चार माणसांत बसता आलं पाहिजे. भाजीवालीशी भावावरून वाद घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे. म्हणून एजंटला मी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की तळमजला दे, नाहीतर लिफ्ट दे, बाकी कसंही घर चालेल.

हा एजंट मराठी बोलायचा. आजोबा वऱ्हाडातून रेल्वेत आले होते म्हणे. आमची भाचरं मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात, आणि या बहाद्दरानं आईच्या पायाला हात लावून म्हटलं, "मावशी, तुम्ही काहीच टेन्शन नका घेऊ, मी आहो ना." झालं, आई विरघळली. पोहे काय, चहा काय, जाताना हातात चिवड्याची पुडी काय.

साहेब कधी वेळेवर आले नाहीत. दहाला येतो म्हणाले की साडेअकरा ठरलेले. दोनदा त्यानं बिनालिफ्टचा तिसरा मजला दाखवला आणि वर मलाच समजावलं की चढण्यानं गुडघे मोकळे होतात. चावी नेहमी दुसऱ्याच कोणाकडे असायची, आम्ही उन्हात उभ्या. रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट गुड मॉर्निंग मात्र न चुकता यायचं.

शेवटी एका रविवारी त्यानं चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. लिफ्ट मस्त चालत होती, आत आरसासुद्धा होता. मी म्हटलं, लिफ्टचं करारात लिहून घेऊ. आईनं मला डोळ्यांनीच दटावलं आणि तो बाजूला गेल्यावर म्हणाली, "आपल्या माणसाले कागद मागते का कोणी?" मी तशीच अकरा महिन्यांच्या करारावर सही केली.

बुधवारी सामान घेऊन पोचलो तर लिफ्ट बंद. चौकीदार बिचारा सरळ माणूस, म्हणाला, "इतवार के चलथे दीदी." लिफ्टला विजेचं कनेक्शनच नव्हतं. रविवारी गिऱ्हाइकं घर पाहायला येतात, तेवढ्यापुरता जनरेटर लावतात. आई पायऱ्यांवर बसत-बसत सव्वा तासात वर पोचली आणि दार लावून रडली. वडील गेले तेव्हाच काय ते मी तिला असं रडताना पाहिलं होतं.

एजंटला मी फोनवर फोन केले. संध्याकाळी त्यानं एकदाचा उचलला आणि अस्सल हिंदीत म्हणाला, "मैडम, वो बिल्डर का मैटर है. मेरा काम मकान दिखाने तक था." गरज सरो, वैद्य मरो. कालपर्यंत मी ताई होते. मेल्याची जीभ झडो, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाचं फूल पुन्हा हजर.

पण रविवारी जनरेटरचा आवाज आला की आई केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून दारात तयार. एजंट वर-खाली लोकांना फिरवायचा तेवढ्या दोन तासांत ती खाली पार्किंगमध्ये बायकांत बसायची, हातगाडीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालायची. उरलेले सहा दिवस ती त्या दोन तासांवर काढायची. आणि मी, त्याला शिव्या घालत-घालत, रविवारी त्याचीच वाट पाहायचे. गिऱ्हाइक आलं नाही की माझा जीव खाली-वर व्हायचा.

असे तीन महिने गेले. एका रविवारी आम्ही लिफ्टमध्ये शिरलो तर आत एजंट आणि एक म्हातारं जोडपं, पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट पाहून खाली निघालेलं. आजोबांना लकवा मारून गेलेला, एक पाय ओढत चालायचे. आजींनी मला विचारलं, तुम्ही इथंच राहता ना, लिफ्ट रोज चालते का. एजंटनं माझ्याकडे पाहिलं आणि तीन महिन्यांनी त्याला मराठी आठवली.

"सांगा ना, ताई," तो म्हणाला.

नाही म्हटलं तर हे गिऱ्हाइक जाईल, आणि हा डूख धरून आमचा रविवार बंद करेल. माझ्या डोक्यात एवढंच आलं. मी म्हटलं, "हां, चलती है."

आई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं आजींचा हात धरला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "झूठ बोलती ये. मेरी बेटी है, पर झूठ बोलती. लिफ्ट सिर्फ इतवार को चलती."

लिफ्ट खाली लागली. जोडपं एजंटकडे न बघता रिक्षात बसून निघून गेलं. एजंट आमच्यावर काही ओरडला नाही, त्यानं फक्त चौकीदाराला जनरेटर बंद करायला सांगितलं आणि गाडीला किक मारली.

आई त्या दिवशी बायकांत बसलीच नाही, तशीच जिन्याकडे वळली. दुसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली. मी हात धरायला गेले तर तिनं तो बाजूला केला आणि कठडा धरला.

"त्याचं तं पोट हाये या खोट्यावर," ती म्हणाली. "तू काहून बोलली?"

ती पुढे चढत राहिली आणि मी दोन पायऱ्या मागून.