पाखरांना सांगितलेलं

माझे सासरे, म्हणजे मामंजी, माझ्याशी पाखरांमार्फत बोलत. देवासला आमच्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेला थेट हाक मारायची नाही, अशी रीत होती. मी धारहून लग्न होऊन आले तेव्हा चौथी शिकलेली होते, पण त्या रीतीचा मला काही जाच वाटला नाही. मला मुळातच बोलायची भीती वाटे. पदर कपाळापर्यंत ओढून दाराआड उभं राहायचं, हे माझ्या सोयीचंच होतं.

थंडीत मामंजी सकाळी मागच्या परसात पाखरांना दाणा टाकायला बसत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहा ठेवून आत होई. पहिला घोट घेऊन ते चिमण्यांना म्हणत, "काय गं बायांनो, आज साखर संपली वाटतं?" मी साखरेचा डबा पुढे सरकवी. "दुपारी पिठलं झालं तर कुणी नको म्हणणार नाही," असं साळुंक्यांना सांगितलं की मी बेसन चाळायला घेई. ऐकलं, हे कळावं म्हणून मी बांगड्या वाजवी. एकदा माहेरच्या आठवणीनं मी चुलीपाशी रडत होते. मामंजी होल्यांना म्हणाले, "संक्रांतीला धारची मोटार रिकामीच जाते म्हणतात. कुणाला जायचं असेल तर जावं." मी बांगड्या जरा जोरातच वाजवल्या असाव्यात, कारण ते हसले.

ते संस्थानच्या पागेत जमादार होते. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे कुठे कुठे गेले. पहाटे उठून दाणा देण्याची मामंजींची सवय तेवढी राहिली. घोड्याच्या तोंडाला दाण्याची पिशवी बांधतात, तसला एक जुना तोबरा त्यांनी घरी आणला होता. त्यात ज्वारीच्या कण्या आणि मक्याचा भरडा भरून तो परसाकडच्या खुंटीला टांगत. दाणा टाकतानाही घोड्यांशी बोलावं तसंच बोलणं. "हळू बेटा, हळू. सगळ्यांना मिळेल." फुटक्या माठाच्या तळात पाणी ठेवत, आणि थंडी कडक पडली की त्यात चुलीवरचं ऊन पाणी मिसळत. "गार पाण्यानं पोट धरतं," म्हणत. घोड्याचं ते खरं असेल, चिमणीचं मला माहीत नाही.

दूधवाला कुंपणावरून थट्टा करी. "काकासाब, पागा तो गई, अबे चिडकली की पागा खोली हे कई?"

"हां भिया," मामंजी म्हणत, "अन् ये लात भी नी मारे."

सासूबाईंना मात्र हे पटत नसे. तेव्हा धान्य रेशनवर मिळे, तेही किडकं. "माणसांना पुरेना आणि हे पाखरांच्या पंगती वाढतायत," असं त्या मला ऐकवत, म्हणजे त्यांना ऐकू जाईल असं. त्यावर मामंजी वाद घालत नसत. रात्री ताटातली एक भाकरी परत करत आणि सकाळी तेवढ्या कण्या जास्त टाकत. काही दिवसांनी सासूबाईंनीच त्यांच्या ताटात एक भाकरी वाढवली.

सगळ्या पाखरांत मामंजींचा जीव एका थिरथिऱ्यावर. चिमणीएवढाच, डोकं नि छाती काळी, पोट नि शेपटी तांबूस. ती शेपटी सारखी थरथरत असते. दिवाळी झाली की तो येई, एकटाच, धुण्याच्या दगडावर बसे, आणि होळीच्या सुमाराला निघून जाई. दाण्याला तो तोंड लावत नसे. त्याला किडे मिळावेत म्हणून मामंजी शेणखताचा ढीग उकरून ठेवत. "हा मानकरी. ह्याचं पान वेगळं मांडावं लागतं," म्हणत. तो दिसेपर्यंत ते बंडी अंगात घालत नसत, कितीही गारठा असो.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. तो पिकायला वेळ आहे, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या वर्षी दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी मामंजी बंडीशिवायच परसात बसत. दाणा टाकत, पंखांचा आवाज ऐकत, आणि धुण्याच्या दगडाकडे तोंड करून विचारत, "आला का रे?" माझे यजमान सोनकच्छला तहसिलीत, ते शनिवारी येत. राहिल्या सासूबाई. त्या बाहेर डोकावून म्हणत, "आलंय काहीतरी."

"तांबड्या शेपटीचं?"

"मला मेलं सगळं सारखंच दिसतं."

थिरथिरा तर येऊन बरेच दिवस झाले होते. मी दाराआडून त्याला रोज बघत होते. मी बांगड्या वाजवल्या, पण मामंजींना वाटलं मी चहाचं विचारते आहे. "नको," ते चिमण्यांना म्हणाले. त्यांना खोकला झाला होता. "ह्या वर्षी विसरला वाटतं आपल्याला," असं म्हणून ते उठायला लागले. हातातला तोबरा जमिनीला घासत होता.

"मामंजी, आलाय तो," मी म्हणाले. "दगडावर बसलाय. शेपटी हलवतोय."

माझाच आवाज मला परका वाटला. आत सासूबाईंनी विळी आपटली. मामंजी खाली बसले. बराच वेळ दगडाकडे तोंड करून होते. मग पाखरांना म्हणाले, "घरात कुणी रागावलं असेल तर त्यांना सांगा, आज मला थिरथिरा दिसला. आणि माझी बंडी काढा म्हणावं."

बंडी सासूबाईंनीच आणून दिली. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभी राहिले तर तिथं पाट मांडलेला. "उभ्यानं किती वेळ सांगशील?" त्या आतून म्हणाल्या. "बस."

तेव्हापासून रोज सकाळी मी सांगू लागले. भोरड्यांचा थवा आला, बुलबुलांचं भांडण चाललंय, एक होला लंगडतो आहे. मी बोले ते थेट मामंजींशी. मामंजींनी मात्र आपली रीत सोडली नाही. जे काही म्हणायचं ते पाखरांनाच. "लंगड्याला जरा बाजूला टाका म्हणावं." मग मी त्याला बाजूला टाकी.

पुढच्या थंडीच्या शेवटी ते अंथरुणाला खिळले. माजघरात परसाचा आवाजही पोचत नसे. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर काहीतरी सांगायचं असल्यासारखे ते इकडेतिकडे तोंड फिरवत होते. खोलीत पाखरू नव्हतं. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्या उठून बाहेर गेल्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "दाणा टाकलास का?"

"हो, मामंजी."

"आणि तो?"

"गेला. दोन दिवस दगडावर दिसला नाही. ऊन तापायला लागलंय."

"वेळेवर गेला," म्हणाले, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

ते होळीच्या आधी गेले. माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं बोलणं एवढंच.