ओरडलं तर वाचतंय

एप्रिलची अठरा तारीख. ब्याडगी मिरचीची पोती आदल्या दिवशीच उतरली होती आणि मी दुकानात देठं खुडायला बसले होते. लालबागला आमचा मसाला कुटून देण्याचा धंदा आहे. एप्रिल आणि मे हेच आमचं वर्ष, बाकीचे महिने नुसते असतात. अशा दिवसांत मी कोणाला घरी बोलावत नाही. तरी त्या दिवशी हात धुतले आणि माझ्या मोठ्या नणंदेला फोन लावला, कारण दुसरा इलाज उरला नव्हता.

अख्ख्या मुंबईत माझ्या नणंदेइतका कमी विश्वास कोणी कशावर ठेवत नसेल. देवावर आहे म्हणतात, पण तोही तपासून घेतला असणार. आम्ही त्यांना ताई म्हणतो. एका मोठ्या इस्पितळात त्यांनी जन्मभर सर्व्हर सांभाळले. पेशंटांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या वेळा, सगळं ज्या यंत्रांवरून चालतं, ती यंत्रं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, काळाचौकीला एकट्या राहतात. नोकरीने त्यांना एकच गोष्ट शिकवली आणि ती त्यांनी उभ्या आयुष्याला लावली. कुठे काही लिहून ठेवलं, म्हणजे ते कोणी वाचतं असं नाही. मग वाचतं की नाही हे कळायचं कसं? "सोपं आहे, वहिनी," त्या मला सांगतात. "मुद्दाम चुकीचं लिहायचं. ओरडलं तर वाचतंय. गप्प बसलं तर तुझं लिहिणं फुकट."

हे त्या नुसतं सांगत नाहीत, करतात. त्यांच्या इमारतीच्या सेक्रेटरी असताना पाण्याची टाकी धुण्याची नोटीस त्यांनी फळ्यावर लावली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं की रविवारी टाकीत हत्तीला आंघोळ घालण्यात येईल, सभासदांनी सहकार्य करावं. आठवडा गेला, कोणी हूं की चूं केलं नाही. ताईंनी फळा उतरवून भंगारात दिला आणि तीच नोटीस लिफ्टमधल्या आरशावर चिकटवली. तासाभरात तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत दारात आले. "अहो बाई, हत्ती वर चढवणार कसा? लिफ्टला वजन किती चालतं, काही कल्पना आहे?" ताईंनी त्यांना आत बसवून सरबत दिलं. तेव्हापासून इमारतीत त्या फक्त त्यांनाच मान देतात. वाण्याच्या यादीतही तूरडाळीच्या खाली अर्धा किलो विमान लिहिलेलं असतं. वाण्याने फोन करून "ताई, विमान संपलंय" म्हटलं की बाकीचं सामान नीट येणार याची त्यांना खात्री पटते.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच बदल. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ जास्त की कोकम कमी, हे शोधायला त्यांनी ओळीने कितीतरी रविवार तेच कालवण केलं. दर वेळी एकच जिन्नस हलवायचा, बाकी सगळं जिथल्या तिथे. माहीमहून येणारी त्यांची कोळीण शेवटी वैतागली. "बाय, तुला मासा खायचाय का त्याची परीक्षा घ्यायचीय? पापलेट घे की एकदा!" ताई म्हणाल्या, "मासा बदलला तर मग कळणार काय?" कोळणीने कपाळाला हात लावला आणि बांगडेच तोलले.

आणि सगळ्यात मोठा राग एकाच वस्तूच्या दोन नगांवर. त्यांच्या घरात कात्री एक, कॅलेंडर एक, छत्री एक. दोन असले की माणूस एकात लिहितो आणि दुसऱ्यात बघतो, असं त्यांचं म्हणणं. देवाने त्यांना भाऊ मात्र नेमका असा दिला की जो प्रत्येक गोष्ट दोन-दोन ठेवतो. तो माझा नवरा. "असू दे, लागेल कधी" हे त्याचं आयुष्यभराचं वाक्य.

तर त्या दिवशीची अडचण अशी. ऑर्डरी घ्यायला आमची एक वेबसाईट आहे. दर काय, कुठपर्यंत पोचवायचं, ऑर्डरी चालू की बंद, हे सगळं सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. सर्व्हर सुरू होताना ती फाईल वाचतो आणि तसा वागतो. गेल्या जूनमध्ये आम्ही तिथे "बंद" लिहिलं होतं. यंदा नवऱ्याने "चालू" केलं, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तरी साईट उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं, "यंदाचा हंगाम संपला. लोभ असावा." भर एप्रिलात! त्याने फाईल पुन्हा बदलली, पुन्हा सर्व्हर सुरू केला, शेवटी उदबत्तीही लावली. मला कळलं ते गिरगावची आमची जुनी गिऱ्हाईक दुकानासमोरून गेली तेव्हा. हातात समोरच्या गल्लीतल्या मसाल्याची पिशवी. "अगं, तुम्ही यंदा बंद ना? वाचलं मी. वाईट वाटलं हो." मसाल्याचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या चवीला लागलं की परत येत नाही. मी हात धुतले ते तेव्हा.

ताई आल्या, नाकाला रुमाल बांधून नवऱ्याच्या शेजारी बसल्या. दर वाक्यामागे एक शिंक.

"कुठली फाईल बदललीस?"

"ही काय. दिसतेय ना, चालू लिहिलंय."

"मला दिसतंय रे. सर्व्हर हीच वाचतो, हे तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे काय ताई, फाईल म्हणजे फाईल!"

फाईलच्या मधोमध ताईंनी अस्सल मालवणी शिवी टाइप केली, जी मी इथे लिहिणार नाही, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. खरं तर त्याने अडखळून बंद पडायला हवं होतं. पण तो शांतपणे सुरू झाला आणि हंगाम संपल्याचं सांगू लागला.

"बघ. आयशीवरून शिवी घातली तरी गप्प. तुझी फाईल त्याच्या खिजगणतीत नाही."

मग त्यांनी सर्व्हर सुरू होताना स्वतःबद्दल जे सांगतो ते पडद्यावर पहिल्यापासून ओळ न् ओळ वाचलं. तिथे त्याने चक्क लिहिलं होतं की मी अमुक फोल्डरमधली फाईल घेतली. ते फोल्डर वेगळंच होतं. त्यातही तीच फाईल होती, त्याच नावाची, गेल्या जूनची.

"ही दुसरी कोणी ठेवली?"

नवरा पंख्याकडे बघत म्हणाला, "म्हटलं असू दे, लागेल कधी."

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी पटकन मिरच्यांकडे वळले. आधी त्यांनी त्या फाईलमध्येही तीच शिवी लिहून पाहिली. सर्व्हर ताबडतोब ओरडला आणि बसला. ताईंचा चेहरा खुलला. मग शिवी काढली, "चालू" लिहिलं आणि नवरा इतका वेळ बदलत होता ती फाईल त्याच्याकडूनच पुसून घेतली. साईट उघडली. संध्याकाळपर्यंत ऑर्डरी यायला लागल्या, एक गिरगावचीही. पिशवीवालीच्या जावेची.

मी म्हटलं, "ताई, जेवूनच जा." त्या चपला घालत होत्या. "चालू झालं ना? मग आता माझं काय काम?" हे त्या रुसून म्हणाल्या नाहीत, अगदी सरळ म्हणाल्या, आणि गेल्या. मी देठं खुडता खुडता विचार केला. इस्पितळातून त्यांना रात्री-अपरात्री फोन यायचे, ते काहीतरी बंद पडलं म्हणूनच. मीही आज तसाच केला होता. सगळं नीट चाललेलं असताना या बाईला फोन करायचं कधी कोणाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी मी फोन लावला. पहिल्याच रिंगला ताईंनी उचलला.

"काय बंद पडलं?"

"काही नाही. सगळं चालू आहे."

"मग?"

"मग काही नाही. चहा टाकतेय, या."

पलीकडे चपला सरकवल्याचा आवाज आला. मी फोन तसाच धरून ठेवला आणि पातेल्यात एक कप पाणी वाढवलं.