बाबांच्या बोलण्यातल्या गळलेल्या फ्रेम्स

ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवली, तेव्हा काम झालं असंच मला वाटलं होतं. आवाज स्वच्छ होता, रंग तेवढे थोडे विटलेले. मी आईला लॅपटॉपसमोर बसवलं. बुद्धवंदना झाल्यावर व्हिडिओवाल्याने बाबांना दोन शब्द बोलायला लावले होते, तो भाग लावला. आई पुढे झुकून बघत राहिली आणि म्हणाली, "हे शब्द का गिळतायत?"

आईला चार वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नाही. ती समोरच्याचे ओठ वाचते. बाबा त्याच्याही आधी गेले. आमच्याकडे व्हीसीआर कधीच नव्हता. ही कॅसेट तिने एकदाच पाहिली होती, शेजाऱ्यांच्या घरी, सगळ्यांच्या गलक्यात.

"बाबा काय म्हणाले ते कागदावर लिहून देऊ?" मी खुणेने विचारलं.

"नको. मला त्यांना बोलताना बघायचंय."

मी आवाज बंद करून तोच भाग पाहिला आणि मग मलाही दिसलं. बाबांचे ओठ उघडायचे आणि एकदम मिटलेलेच दिसायचे, मधलं काही नाही. इतका वेळ कान सगळं सांधून घेत होते, म्हणून डोळ्यांना पत्ता लागला नव्हता. ती पाच मिनिटं पुन्हा उतरवली. या खेपेला सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवली. गळलेल्या फ्रेम्स: दोनशे बारा. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे आठ सेकंदांहून जास्त बाबा कुठेतरी सांडले होते.

मी खराडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. चूक सापडली की ती का झाली हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. व्हीसीआर बिबवेवाडीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडून आणला होता. त्यांना फोन केला.

"अहो, कॅसेट कुणासाठी थांबत नाही," ते म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर दुसरीकडे बघत असला तरी ती पुढे जाते. त्याच्या मागे इतर कामं किती लावलीत?"

बरीच लावली होती. रविवारी सकाळी वही घेऊन बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीच पाच मिनिटं उतरवायची आणि आकडा लिहायचा. ब्राउझर आणि अँटीव्हायरस बंद केले: एकशे चाळीस. चार्जर लावून बॅटरी वाचवायची सोय काढली: एकशे एकतीस. मग लक्षात आलं, व्हिडिओ आत आणणारी डबी आणि फाइल साठवणारी बाहेरची डिस्क मी एकाच यूएसबी हबला जोडली होती. एकाच वाटेने येणंही आणि जाणंही. डबी थेट लॅपटॉपला लावली, फाइल त्याच्या आतल्या डिस्कवर घेतली: अकरा!

पण त्या अकरा हटेनात. दर वेळी त्याच जागी गळायच्या. शेवटी कॅसेट घेऊन बिबवेवाडी गाठली.

काकांनी फीत उजेडात धरली. "इथे चुरगळलीये. सिग्नल डळमळला की तुमचं मशीन गोंधळतं." व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, पुसून घेईन असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर हातात दिला. "यावर काही रेकॉर्ड करू नका. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मधे ठेवा फक्त. हा चित्र सावरून पुढे देतो."

घरी येऊन सगळं जोडलं. पाच मिनिटं मी बाबांकडे बघितलंच नाही, आकड्याकडे बघत होते. शून्यच राहिला.

आईला बोलवायला उठले, तर ती दारातच होती. तिला बसवून उतरवलेला भाग लावला. बाबा पडद्यावर म्हणाले, "जेवणाचं सगळं हिनेच बघितलं. मी फक्त पत्रिका वाटल्या."

"पत्रिकासुद्धा मीच वाटल्या होत्या," आई म्हणाली.

मग तिने मला तो भाग मागे न्यायला लावला. तीनदा. चुरगळलेल्या जागी तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"'हिनेच' म्हणताना बघ, डावीकडे बघतायत. मी तिकडे पंगतीत वाढत होते."