खिडकी उघडल्यावर उतरणारा आकडा

डॉ. रत्नमाला सोनटक्के मॅडमना मी पहिल्यांदा भेटले, ती नांदेडच्या महाविद्यालयातील त्यांच्या प्रयोगशाळेत. मी संशोधनासाठी मार्गदर्शक शोधत होते. त्यांनी कुंडीतल्या पानफुटीचं पान हातावर ठेवलं आणि चावून बघायला सांगितलं. सकाळची वेळ, पान आंबट लागलं. संध्याकाळी पुन्हा बोलावून दुसरं पान दिलं, तर आंबटपणा जवळजवळ गेलेला. पानात रात्री आम्ल साठतं, दिवसा खर्ची पडतं. या रोजच्या लयीवर मॅडमचं सारं काम होतं.

माती-दगडांतून आणि आकाशातून सतत येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा या लयीशी संबंध असावा, असं त्यांना वाटे. म्हणून किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र आम्ही कुंड्यांजवळ ठेवलं. पहाटे आम्ल वाढलेलं असे, तेव्हा यंत्राचा आकडाही वाढलेला. दुपारी दोन्ही उतरलेले. महिनोन्महिने हेच. माझा प्रबंध त्यावर उभा राहिला आणि मॅडमचा निबंध लातूरच्या एका परिषदेसाठी स्वीकारला गेला.

परिषद तोंडावर असताना प्रयोगशाळेतील परिचर शेवंताबाई, मूळच्या कंधारच्या, सहज बोलल्या, "म्याडम, म्या खिडक्या उघडल्या की यंत्राचा आकडा उतरून राहिलाय बगा. रोजच."

मॅडमनी खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवून सगळी मोजमापं पुन्हा घ्यायला लावली. आकडा जवळपास स्थिर झाला. आम्ल मात्र पूर्वीसारखंच चढत-उतरत राहिलं. बंद खोलीत जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू रात्रभर साचत होता, इतकंच.

निबंध आधी वाचावा, खुलासा मागाहून करावा, असं मी सुचवलं होतं, हे इथे कबूल करते. मॅडम म्हणाल्या, "प्रबंध तुझा अडला, पण चूक माझी आहे. ती मीच सांगणार." लातूरला त्यांनी व्यासपीठावरून आपला निष्कर्ष मागे घेतला आणि कारण सांगताना शेवंताबाईंचं नाव घेतलं. काही जण हसले. मॅडमनी उरलेले आकडे वाचून पूर्ण केले.

माझ्या संशोधनाची दोन वर्षं वाढली. शिरूर अनंतपाळला सासरी कुरबुर सुरू झाली, तेव्हा मॅडम न कळवता एसटीने घरी आल्या. सुनेचा यात दोष नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी, हिला आनखी शिकायचंच हाय?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

आज पंचाहत्तराव्या वर्षी मॅडम भोकरजवळच्या उघड्या माळावर पानातलं आम्ल आणि किरणोत्सर्ग यांची नव्याने मोजमापं घेत आहेत. काय निघेल, हे त्यांनाही ठाऊक नाही. उत्तर 'नाही' असं आलं, तरी ते आम्हाला सांगायला त्याच उभ्या असाव्यात, एवढीच माझी इच्छा; नजर स्वच्छ, पाय खंबीर आणि वयाने शंभरी ओलांडलेली.